गोव्यात छायाचित्रकारांचं विभागीय संमेलन भरवताना: कामांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

दुसऱ्याच्या लग्नात भटजींना मुहूर्ताची आठवण करून देणारी आपली मंडळी स्वतःच्या संमेलनाचं उद्घाटन मात्र दीड तास उशिरा करतात. याचं कारण आळस नव्हे. बहुतेक समित्या काम उलट्या टोकाने सुरू करतात. आधी रात्रीची पार्टी ठरते, मग डीजे, मग टी-शर्टचा रंग. आणि हॉलमध्ये पुरेसा अंधार होतो की नाही हे पहिल्या सत्राच्या वेळी कळतं.

गोवा, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगाव, कारवार या पट्ट्यातून दोनशेच्या आसपास प्रतिनिधी येणार आणि दोन रात्रींचा मुक्काम असणार, असं धरून हा क्रम दिला आहे. तयारीला सहा महिने हवेत. माणसं कमी-जास्त असतील तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

## १. तारीख: आधी पंचांग, मग कॅलेंडर

लग्नाची ऑर्डर असलेल्या दिवशी कोणी येत नाही. म्हणून संमेलन चातुर्मासात घ्यायचं, इथवर सगळ्यांना कळतं. पण चातुर्मासातला आपल्या कामाचा तुकडा फार लहान आहे. श्रावणात निम्मे प्रतिनिधी शिवराक: ताटात मासळी नाही, हातात ग्लास नाही. भाद्रपदात चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, आणि त्या आठवड्यात गोव्यात हॉलचा चौकीदारसुद्धा सापडत नाही. पितृपक्षात माणसं मोकळी असतात, पण कॅमेऱ्यांचे डीलर आणि अल्बम लॅबवाले स्टॉल घ्यायला कां-कूं करतात, कारण त्या पंधरवड्यात नवी वस्तू कोणी विकत घेत नाही. स्टॉलचे पैसे आले नाहीत तर खर्चाचा मोठा भाग अंगावर येतो.

उरतो तो आषाढी एकादशी ते आषाढ अमावास्या हा अडीच आठवड्यांचा पट्टा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो २५ जुलै ते १२ ऑगस्ट असा पुढे सरकला आहे. त्यातही यांत्रिक बोटींच्या मासेमारीवरची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. जुलैत मेजवानी ठेवली तर इसवण शीतगृहातलंच मिळेल आणि त्याचे दर ऐकून खजिनदाराचा चेहरा पडेल. म्हणजे ऑगस्टचा पहिला आठवडा सगळ्यात सोयीचा.

वार मंगळवार-बुधवार धरा. शनिवार-रविवारी हॉटेलांचे दर चढतात आणि सोमवारी गोव्यातल्या बऱ्याच हिंदू घरांत मासळी शिजत नाही. शिवाय ख्रिस्ती लग्नं चातुर्मास पाळत नाहीत. बार्देश-सासष्टीतल्या सहकाऱ्यांच्या शनिवार-रविवारच्या ऑर्डर पावसातही असतात, त्यांना विचारल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

१९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन, तेव्हा संमेलन त्याच दिवशी व्हावं असा हट्ट धरणारे एक सभासद प्रत्येक समितीत असतात. ती तारीख बहुधा श्रावणात येते. त्या दिवशी तालुक्याच्या शाखेत केक कापावा आणि विषय मिटवावा.

सावध: नोव्हेंबरमध्ये पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरच्या सुरुवातीला जुने गोव्याचं फेस्त म्हणजे चर्चचा उत्सव, त्यामागोमाग नाताळ. या दिवसांत पणजीच्या आसपास स्वस्तात खोल्या मिळतील ही आशा सोडा.

## २. हॉल: दुपारी बघायला जा

समिती हॉल बघायला संध्याकाळी जाते, कारण सगळे तेव्हाच मोकळे असतात. संध्याकाळी प्रत्येक हॉल अंधारा असतो. भर दुपारी जा, आतले दिवे बंद करा आणि पडद्याच्या जागी पांढरा कागद धरून त्यावर उजेड कुठून पडतो ते बघा. हॉटेलांच्या बँक्वेट हॉलना हल्ली एका बाजूने काचेची भिंत असते. तिला नुसता पातळ पडदा असेल तर छायाचित्रांवरच्या चर्चेचं सत्र तिथे होणार नाही.

नाट्यगृहांचं उलट. पणजीची कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी किंवा कुडचड्याची रवींद्र भवनं इथे अंधार उत्तम. पण खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, त्यामुळे प्रात्यक्षिकाला जागा नाही, आणि स्टॉलना उरतो तो बाहेरचा व्हरांडा. दोनापावल्याच्या इंटरनॅशनल सेंटरसारख्या ठिकाणी सभागृह, छोटी दालनं आणि मुक्काम एकाच आवारात मिळतो. पावसात ही मोठी सोय आहे, कारण दोनशे माणसं दोनदा बसने हलवली की प्रत्येक वेळी तासभर गेलाच. समुद्रकाठचं रिसॉर्ट ऑगस्टमध्ये स्वस्त मिळतं. त्यात धरलेली हिरवळ मात्र त्या दिवसांत चिखल असते, तेव्हा ती हिशेबात नाही असं समजूनच भाव करा.

आता पडद्याचं. साउंडवाला नेहमी एलईडी वॉल गळ्यात मारतो. स्वागत, सत्कार, व्हिडिओ यांना ती छान. छायाचित्र बारकाईने दाखवायला ती कमी पडते. पी-३ प्रकारची वॉल म्हणजे दोन ठिपक्यांत ३ मिलिमीटर अंतर. बारा बाय आठ फुटांच्या भिंतीवर जेमतेम १२०० बाय ८०० ठिपके बसतात. चाळीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला नववधूच्या नथीचा मोती तिथे पांढरा चौकोन होतो. चर्चेच्या सत्राला चांगला प्रोजेक्टर मागा: फुल एचडी किंवा त्याहून वरचा, पाच हजार ल्युमेनच्या पुढचा. आणि वॉल घेतलीच तर तिचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा, ३८४० हर्ट्झ आहे का ते विचारा. कमी असेल तर तुमच्याच दोनशे कॅमेऱ्यांत स्टेजवर काळे पट्टे येतील, आणि ते साउंडवाल्याला कधीच दिसणार नाहीत.

तपासा:
- जनरेटर आहे का, आणि त्यावर एसी चालतो की फक्त दिवे?
- स्टॉलचं सामान आणायला लिफ्ट किंवा उतार आहे का, की जिनाच?
- कॅमेऱ्याच्या बॅगा ठेवायला कुलपाची एक खोली आणि तिथे बसणारा माणूस मिळेल का?
- चार्जिंगचे पॉइंट किती? दोनशे छायाचित्रकार म्हणजे चारशे बॅटऱ्या. दहा-दहा पॉइंटचे बोर्ड आधीच सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी साउंडच्या मिक्सरचा प्लग काढेल.

## ३. परवाने

हॉल पक्का झाला की त्याच आठवड्यात अर्ज करा. हॉलवाले "सगळं आमच्याकडे आहे" म्हणतात, तेव्हा "सगळं" म्हणजे काय ते लेखी घ्या.

रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंद जागेला सवलत असली तरी दारं उघडी टाकून डीजे लावला की ती जागा बंद राहत नाही. गाणी वाजवायची तर पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने कोण काढणार, हॉटेल की तुम्ही, हे ठरवा. दारू द्यायची आणि त्या जागेला बारचा परवाना नसेल तर अबकारी खात्याचा तात्पुरता परवाना लागतो. बाहेरून आणून टेबलाखाली ठेवण्याचा प्रकार करू नका. एका खोक्यापायी हॉलवाल्याचा परवाना धोक्यात येतो आणि पुढच्या वर्षी तुम्हाला कोणी दारात उभं करत नाही.

## ४. नोंदणी आणि पैसे

नोंदणीच्या अर्जात नाव आणि मोबाइल एवढंच विचारलं की पुढे घोळ होतो. अर्जातच या गोष्टी घ्या: शाकाहारी की मासे खाणार, सोबत पत्नी, पती, मुलं येणार का, कुठल्या स्थानकावर उतरणार, कुठल्या सत्राला बसणार, आणि खोलीत कोणासोबत राहणार. शेवटच्या प्रश्नाला "कोणीही चालेल" असं लिहिणारे पहिल्या रात्री बारा वाजता घोरणाऱ्याची तक्रार घेऊन येतात. जोडीदाराचं नाव नसेल तर नोंदणी अपुरी समजा.

शुल्काचे टप्पे दोनच ठेवा, लवकरचं आणि नेहमीचं. "जागेवर नोंदणी" हा तिसरा टप्पा बंद. जागेवर येणारे पंचवीस जण केटररचं गणित मोडतात, आणि आधी पैसे भरलेल्यांना सोलकढी पुरत नाही.

केटररला ताटांचा आकडा चार दिवस आधी द्या. खतखतं, तोंडाक, उसळ अशी शाकाहारी बाजू भरभक्कम ठेवा. कोल्हापूर-बेळगावहून येणाऱ्यांपैकी बरेच जण गोव्यात येऊन मटण मागतात, त्यांच्यासाठी एक वेळ शागुती ठेवली की सगळे खूश.

तपासा: रेल्वेने येणाऱ्यांना जवळचं स्थानक कळवलंत का? उत्तर गोव्याला थिवी, पणजीला करमळी, दक्षिणेला मडगाव. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि वंदे भारत रोज धावत नाही. जानेवारीत बघितलेली वेळ ऑगस्टमध्ये कोणाला सांगू नका. विमानाने येणाऱ्या पाहुण्या वक्त्याला दाबोळी की मोपा हे दोनदा विचारा, कारण गाडी चुकीच्या विमानतळावर गेली की उद्घाटन तिथेच बुडालं. गोव्यात ओला-उबर नाहीत, तेव्हा त्याला "कॅब करून या" असंही सांगता येत नाही.

## ५. कार्यक्रमपत्रिका

सकाळी नऊला उद्घाटन छापलं की दहाला सुरू होतं, म्हणून साडेआठ छापायचं, ही युक्ती आता सगळ्यांना पाठ झाली आहे आणि लोक साडेदहाला येतात. त्याऐवजी सकाळचं पहिलं सत्र सगळ्यात मागणी असलेल्या वक्त्याला द्या आणि उद्घाटन अकरा वाजता ठेवा. हॉल आधीच भरलेला असतो, मंत्रिमहोदय उशिरा आले तरी कोणाचं अडत नाही.

प्रायोजकाला वीस मिनिटं द्या आणि ती चहाच्या आधी द्या. जेवणानंतर दिली तर कंपनीचा माणूस रिकाम्या खुर्च्यांना नव्या लेन्सचं कोटिंग समजावत बसतो आणि पुढच्या वर्षी येत नाही.

प्रात्यक्षिकाला मात्र बारकाईने वेळ द्या, कारण संमेलनं इथेच फसतात. चित्र असं असतं: स्टेजवर मॉडेल, दोन सॉफ्टबॉक्स, तज्ज्ञ बोलतोय. समोर दोनशे जण, त्यातल्या पन्नासांकडे त्याच कंपनीचा ट्रिगर (कॅमेऱ्यावरून दूरचा फ्लॅश उडवणारं यंत्र), आणि बहुतेकांचा कारखान्यातून आला त्याच चॅनेलवर. मागच्या रांगेतला कोणीतरी सहज शटर दाबतो, स्टेजवरचा फ्लॅश उडतो. मग दुसरा. तज्ज्ञाच्या हातातल्या कॅमेऱ्याने क्लिक करेपर्यंत फ्लॅश रिचार्ज होत असतो, फ्रेम काळी येते, आणि तो बिचारा सेटिंग तपासत बसतो. उपाय सोपा आहे. तज्ज्ञाचा चॅनेल आणि आयडी आधी बदलून घ्यायचा, हॉलमध्ये बाकी सगळे ट्रिगर बंद असल्याची घोषणा करायची. प्रतिनिधींना हाताने काम करू द्यायचं असेल तर पंधरा-पंधराचे गट करा आणि फ्लॅशऐवजी सलग उजेड देणारे एलईडी दिवे लावा. मग कोणालाच ट्रिगर लागत नाही.

मॉडेलशी लेखी करार हवा: किती तास, कुठले कपडे, फोटो कुठे वापरणार. प्रात्यक्षिकाच्या वेळी समितीतली एक महिला सभासद सतत तिथे असावी आणि मॉडेलला कपडे बदलायला कुलूप लागणारी खोली असावी. या बाबतीत "आपलीच माणसं आहेत" हे उत्तर पुरत नाही.

सावध: चर्चेसाठी मागवलेली छायाचित्रं एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतच घ्या. ॲडोबी आरजीबीतली फाइल प्रोजेक्टरच्या लॅपटॉपवर फिकी दिसली की पुढची दहा मिनिटं लॅपटॉपवर वाद होतो, छायाचित्रावर नाही.

## ६. फोटोवॉक

गोव्यात संमेलन म्हटलं की फोंतेन्हास, म्हणजे पणजीतली जुन्या पोर्तुगीज घरांची वस्ती, ठरलेलं. तिथे माणसं राहतात, आणि रोजच्या फोटोसेशनांना ती कंटाळली आहेत. दोनशे जणांचा जथा त्या गल्ल्यांत नेऊ नका. दहा-बारांचे गट, वेगवेगळ्या वेळा, प्रत्येकासोबत पणजीचा एक माहीतगार. कोणाच्या पायरीवर बसायचं नाही, खिडकीतल्या आजीचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही.

जुने गोव्यात बॉम जेझस बासिलिका आणि से कॅथेड्रल ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची स्मारकं आहेत. ट्रायपॉड आणि दिवे वापरायचे तर खात्याची आगाऊ परवानगी लागते, आणि आत पोझ देऊन फोटो चालत नाहीत. हाताने, उजेड असेल तसा, हळू आवाजात काढा. प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा खाली.

माझं मत विचाराल तर ऑगस्टमध्ये दोन्ही सोडून दिवाडीला जा. जुने गोव्याहून, व्हाइसरॉयच्या कमानीपलीकडून फेरीबोट आहे. पलीकडे उतरलं की खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, बांध, बगळे आणि ढगाळ आकाशाचा मऊ उजेड. गर्दीही नाही. फक्त बस अलीकडेच ठेवा आणि माणसं चालत बोटीत न्या. दोन बसगाड्या फेरीबोटीत चढवण्याच्या नादात गावकऱ्यांचा कामाचा वेळ खाल्लात तर ते ऐकवतील, आणि बरोबरच ऐकवतील.

पावसाळ्यातली खरी अडचण पाऊस नाही, बाष्प आहे. रात्रभर एसीच्या खोलीत गार झालेला कॅमेरा बाहेर काढताच काच दुधाळ होते आणि माणसं ती शर्टाच्या टोकाने पुसतात. पुसू नये. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवायचा, मग चेन उघडायची. प्रतिनिधींच्या पिशवीत नेहमीच्या पेनाऐवजी सिलिका जेलची दोन पाकिटं घाला, दुवा देतील.

ड्रोन आणणारे असतातच. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघायचा. गोव्यात दोन विमानतळ आहेत, त्यातला दाबोळी नौदलाचा तळ आहे. नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यातसुद्धा ४०० फूट उंचीची मर्यादा, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांची. आपल्याकडचा ड्रोन नोंदवलेला आहे का हे नोंदणीच्या अर्जातच विचारा.

## ७. प्रदर्शन

प्रिंट आदल्या रात्री टांगू नका. एसी बंद झाला की हॉलची हवा दमट होते आणि सकाळपर्यंत फोम बोर्ड वाकून पुढे येतात. पहाटे टांगा, नाहीतर रात्रभर एसीचे पैसे भरा. प्रिंटचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास, सगळ्यांचा एका रेषेत. दिवे एकाच रंगाचे. पिवळा आणि पांढरा मिसळला तर स्पर्धकांच्या तक्रारी रास्त असतील. समितीच्या सभासदांची चित्रं स्पर्धेबाहेर ठेवा. परीक्षकांना नावं नाहीत, फक्त क्रमांक.

## ८. ग्रुप फोटो आणि संध्याकाळ

जगातला सगळ्यात अवघड ग्रुप फोटो छायाचित्रकारांचा. प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा आणि प्रत्येकाला दुसऱ्याची फ्रेम चुकीची वाटते. यासाठी एक माणूस नेमा आणि बाकीच्यांनी कॅमेरे कुलपाच्या खोलीत ठेवायचे. वेळ पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेपाच. सूर्यास्त सातच्या सुमारास असतो आणि ढगांमुळे सावल्या नसतात. जागा पायऱ्यांची हवी. पणजीच्या चर्चच्या पायऱ्या मोहात पाडतात, पण ते प्रार्थनास्थळ आहे. हॉलच्याच पायऱ्या बघा. वीसच्या दहा रांगा धरल्या तर रुंदी दहा मीटर. फुल फ्रेमवर ३५ मिलिमीटर लेन्स आणि बारा-तेरा मीटर अंतर पुरतं, छिद्र एफ-८ ते एफ-११. जागा कमी म्हणून १६ मिलिमीटर लावलीत तर कडेच्या माणसांची तोंडं ताणली जातात, आणि कडेला नेमके ज्येष्ठ उभे असतात. पाऊस आला तर काय, याची आतली जागा आधीच ठरवून ठेवा.

मग रात्र. क्रम असा: पुरस्कार, सांस्कृतिक कार्यक्रम, बार, जेवण. बार आधी उघडला की पुरस्कार कोणी ऐकत नाही आणि ज्याचं नाव पुकारलं तो टेरेसवर असतो. साडेसहाला सुरू करा, म्हणजे दहाच्या आत आवाजाचा भाग संपतो.

डीजे दोन तास वाजवण्यापेक्षा पाऊण तास घुमट-शामेळ ही गोव्याची तालवाद्यं वाजवणारे बोलवा, जमल्यास फुगडी. बाहेरगावच्यांना गोवा पाहायला मिळतो, आणि कुटुंबं शेवटपर्यंत बसतात. मुलांचं जेवण आठलाच लावा, वेगळ्या टेबलावर. सोबत आलेल्या बायकांना "तुम्ही खरेदीला जा" म्हणून दिवसभर वाऱ्यावर सोडायची पद्धत आता पुरे. त्यांतल्या कितीतरी जणी घरचा स्टुडिओ आणि अल्बमचं एडिटिंग सांभाळतात. त्यांच्यासाठी एडिटिंगचं एक सत्र ठेवा, हॉल भरेल.

तपासा: सोहळ्याचे फोटो कोण काढणार? "इथे दोनशे जण आहेत की" हे उत्तर म्हणजे कोणीच नाही. रीतसर मानधन देऊन प्रतिनिधी नसलेले दोन मुलगे नेमा.

## ९. परतीचा दिवस आणि नंतर

घाटांत दरड कोसळली तर बसला उशीर होतो, म्हणून चोर्ला, आंबोली, अनमोडने जाणाऱ्यांना दुपारच्या जेवणानंतर थांबवू नका. ज्यांनी दारूच्या बाटल्या घेतल्या असतील त्यांनी परवाना काढलेला असावा. हद्दीवरच्या तपासणीत अख्खी बस अडकते, एकटा माणूस नाही. कुलपाच्या खोलीतली प्रत्येक बॅग सही घेऊनच द्या.

ग्रुप फोटो आणि पुरस्कारांचे फोटो आठ दिवसांत प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचले पाहिजेत. नवरा-नवरीला अल्बमसाठी चार महिने थांबवणारी सवय इथे चालणार नाही. हिशेब महिन्याभरात सभासदांसमोर ठेवा, आणि स्टॉलवाल्यांना पावत्या त्याआधी पाठवा, त्यांना त्या जीएसटीसाठी लागतात. हॉलची अनामत परत मागताना किल्ली आणि सामान ताब्यात दिल्याची पोच मागतात. ती नंतर मिळत नाही. किल्ली हातात देतानाच सही-शिक्क्यासह घ्या, आणि तिचा फोटो काढून ठेवा.